तंबाखू, सुपारी आणि तोंडाचा कर्करोग : हा पाठ वर्गात कसा घ्यावा?



आजचा पाठ कोणत्याही एका इयत्तेच्या पुस्तकातला नाही. विज्ञानात थोडा येतो, आरोग्य-शारीरिक शिक्षणात थोडा येतो, आणि ३१ मे ला जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या नावाने एक प्रतिज्ञा होते. आता ३१ मे ला आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते हे तुम्हाला सांगायला नको! प्रतिज्ञा कोण घेतं आणि फोटो कधीचा असतो, ते आपण सगळे जाणतो. म्हणून मी हा पाठ ४ फेब्रुवारीच्या, म्हणजे जागतिक कर्करोग दिनाच्या आठवड्यात घेतो. मुलं शाळेत असतात आणि दहावी सोडली तर बाकीच्या वर्गांना जरा निवांतपणा असतो.

हा पाठ मी नीट घ्यायला लागलो तो एका मुलामुळे. आठवीतला होता. शालेय पोषण आहाराची खिचडी वाढली की तो नळावर जाऊन ती पाण्याने धुवायचा आणि मग खायचा. मुलं हसायची. मीही एकदा ओरडलो, "अन्न असं वाया घालवतात का रे?" तो म्हणाला, "सर, तिखट झोंबतं." आमच्या सोलापूर जिल्ह्यातलं पोरगं, ज्याच्या घरी शेंगाचटणीशिवाय जेवण होत नाही, त्याला शाळेची मिळमिळीत खिचडी झोंबते? मी त्याला तोंड उघडायला सांगितलं. जेमतेम दीड-दोन बोटं जातील एवढंच उघडलं.

तो सहावीपासून मावा खात होता. तेरा वर्षांचं पोर.

नावं वेगळी, माल तोच

पाठाची सुरुवात इथूनच करावी, कारण "तुम्ही तंबाखू खाता का?" असं विचारलं तर मुलं नाही म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी मावा म्हणजे तंबाखू नव्हे. फळ्यावर नावं लिहून घ्या. आमच्याकडे मावा, विदर्भात खर्रा. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घोटायचा, पुडी बांधायची. हातावर चुना लावून मळलेली तंबाखू वेगळी, पानात घातलेला जर्दा वेगळा, गुटखा वेगळा. आणि जिचं नाव मुलं कधीच घेत नाहीत ती मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून डबीत भरतात आणि सकाळी बोटाने हिरड्यांना लावतात. आपल्याकडे हे "दात घासणं" समजलं जातं. माझी आजी म्हणायची, "मशेरी लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई." खरंच होत नसे. पण तो मशेरीचा गुण नव्हता, शरीराला निकोटीनची सवय जडली होती. दोन-चार दिवस सोडलं की बद्धकोष्ठ होतो, परत लावलं की बरं वाटतं, आणि माणूस त्यालाच औषध समजतो.

महाराष्ट्राच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आपल्या राज्यात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के! म्हणजे ओढणाऱ्या एका माणसामागे चघळणारे-लावणारे सहा. तरी आपली भित्तिपत्रकं बघा. जळती सिगारेट, त्यावर लाल फुली, काळं पडलेलं फुप्फुस. मुलगा ते चित्र बघतो आणि खिशातली पुडी चाचपत म्हणतो, मी कुठे सिगारेट ओढतो?

इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक धागा. तंबाखू इथली नाही. अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली, दख्खनमध्ये आधी रुजली. अकबराच्या दरबारात ती पोचली ती विजापूरहून, असदबेग नावाच्या सरदाराने १६०४-०५ च्या सुमारास नेलेली. जहांगीरने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. बंदी घालणं आणि ती न चालणं या दोन्ही गोष्टी तेव्हापासूनच्या आहेत.

तोंडात नक्की काय होतं?

इथे एक चूक आपणच शिकवतो, ती आधी दुरुस्त करू. "निकोटीनमुळे कर्करोग होतो" असं मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आपण गुण देतो. निकोटीनचं मुख्य काम व्यसन लावण्याचं. कर्करोग करणारी द्रव्यं वेगळी आहेत. बिनधुराच्या तंबाखूत अशी किमान २८ द्रव्यं सापडली आहेत. त्यांतली सर्वांत घातक नायट्रोसमाइन नावाच्या गटातली आहेत. तंबाखूचं पान सुकवताना, मुरवताना, साठवताना ती तयार होतात. त्यामुळे "आमची घरची तंबाखू, भेसळ नाही" याला काही अर्थ नाही. भेसळीची गरजच नसते. मुलांना मी असं सांगतो की निकोटीन हे दार उघडं ठेवणारं आणि नायट्रोसमाइन आत शिरणारं. एकामुळे माणूस रोज दहा वेळा दार उघडतो.

मग चुना कशाला? मुलांना हा प्रश्न फार आवडतो, आणि विज्ञानाचा तास इथे जिवंत होतो. आम्ल-अल्कली शिकवलेलं असतंच. चुना अल्कधर्मी. त्याने निकोटीन अशा रूपात येतं की गालाच्या आतल्या कातडीतून ते झटकन रक्तात शिरतं, म्हणून "लागते". शिवाय चुना त्या नाजूक कातडीला सोलवटतो. लिटमस कागद असेल तर चुन्याच्या निवळीत बुडवून दाखवा. तंबाखू मात्र वर्गात आणू नका, दाखवायलासुद्धा नको.

बार भरतात तो कुठे? खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत, किंवा गालात एका ठरलेल्या बाजूला. तासन्‌तास, वर्षानुवर्षं तीच जागा. आपल्या देशातला तोंडाचा कर्करोग बऱ्याचदा गाल आणि खालची हिरडी यांच्या सांध्यात होतो तो यामुळेच. पेशी रोज भाजतात, रोज नव्या तयार होतात, आणि कधीतरी नक्कल करताना चूक होते. चुका साठत गेल्या की पेशी थांबायचं विसरतात. नववी-दहावीला पेशीविभाजन असतंच, त्याला हे जोडता येतं.

आता सुपारी. यावर मी जास्त वेळ घेतो, कारण पालकांनाही हे ठाऊक नसतं. "तंबाखू नाही हो, नुसती सुपारी खातो" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूशिवायच्या सुपारीला, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या कातडीखाली तंतू साठत जातात. मऊ गाल आधी पांढुरका, मग चिवट, मग पट्ट्यासारखा कडक होतो. तिखट सोसत नाही, तोंड उघडणं कमी कमी होत जातं. या रोगाला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो १९५२ मध्ये नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्यावर लिहिलं. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावरचा आजार आहे, आणि गेलेला मऊपणा पूर्ण परत येत नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याला हेच झालं होतं. शाळेच्या दारात मिळणारी गोड, रंगीत सुपारीची पुडी ही त्याची पहिली पायरी होती. तिसरीत. तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं. माझ्यासकट.

तीन बोटांची चाचणी, आणि वर्गात झालेला एक प्रसंग

कृती सोपी आहे. प्रत्येकाने आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र जुळवायची, उभी धरायची आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. हात आधी स्वच्छ धुवायला लावा. तिन्ही बोटं सहज गेली तर ठीक. दोनच गेली तर दाखवायला हवं. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यानेही तोंड कमी उघडू शकतं, तेव्हा लगेच कोणावर शिक्का मारू नका.

पहिल्यांदा ही कृती घेतली तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, तुम्ही पण करा की."

आता सांगतोच. मी अकरा वर्षं मावा खात होतो. डी.एड.च्या वसतिगृहात लागला. शाळेत मधल्या सुट्टीत टपरीवर जायचो, आणि तासाला येताना चूळ भरून यायचो. मुलांना कळत नाही असं मला वाटायचं. त्या दिवशी मी बोटं घातली, अडीच गेली. हसून वेळ मारून नेली. पण संध्याकाळी आरशासमोर गाल ओढून बघितला तर डाव्या बाजूला, जिथे पुडी ठेवायचो तिथेच, करंगळीच्या नखाएवढा पांढरा चट्टा. खरवडून निघेना. दुखत मात्र अजिबात नव्हता. दुखला असता तर बरं झालं असतं, आधीच गेलो असतो. हे मुद्दाम लिहितो, कारण "दुखत नाही म्हणजे काही नाही" हीच समजूत घात करते. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता. ल्युकोप्लेकिया म्हणाले, म्हणजे पांढरा चट्टा. असे सगळेच चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, काही बदलतात, आणि कोणता बदलेल हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून मी दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो. मावा त्या आठवड्यात बंद केला. डाव्या गालात अजून ताठरपणा आहे, वडापाव खाताना जाणवतो.

काय बघायचं?

घरी आरसा आणि टॉर्च पुरे. चूळ भरून, कवळी असेल तर काढून, आधी ओठ उलटे करून बघायचे. मग दोन्ही गाल बोटाने ओढून आतून, हिरड्यांच्या खोबणीसकट. जीभ बाहेर काढून वरून, फडक्याने धरून दोन्ही कडा, मग टाळ्याला लावून खालची बाजू. शेवटी टाळू आणि मानेवर दोन्हीकडे चाचपून गाठ. पांढरा किंवा लाल चट्टा (लाल जास्त धोक्याचा), दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, बधिरपणा, कारण नसताना हलणारा दात, गिळताना त्रास, एका कानात उगाच कळ. यांतलं काही दिसलं तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी दवाखान्यात जायचं. "उष्णता झाली" म्हणून जिरं-खडीसाखर खात महिना घालवायचा नाही. तीस वर्षांपुढच्या सर्वांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात होते. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात कधी असते ते त्या सांगतील.

नुसतं डोळ्यांनी बघून काय होणार, असं वाटेल. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन फक्त उजेडात तोंडं तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू-दारूची सवय असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. ना महागडं यंत्र, ना रक्ततपासणी! याच केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी तंबाखू खाणाऱ्यांना वर्षानुवर्षं भेटून समजावलं, तर ज्यांनी सोडली-कमी केली त्यांच्यात पांढरे चट्टे कमी झाले. सांगून उपयोग होतो, असा याचा साधा अर्थ. आपला धंदाच सांगण्याचा आहे.

उशिरा सापडला तर काय होतं, तेही मोठ्या मुलांना सांगावं, पण भीषण चित्रं दाखवून नव्हे. पुडीवर ८५ टक्के जागेत चित्र असतंच, मुलं त्याला सरावलेली आहेत. मी रोजच्या गोष्टी सांगतो. जबड्याचा भाग काढावा लागतो, गालाच्या जागी छातीचं कातडं-मांस आणून लावतात. मग बरेच आठवडे नाकातल्या नळीने दूध, पातळ पेज. किरणांनी लाळ आटते, कोरडी भाकरी गिळत नाही. शब्द नीट उमटत नाहीत, फोनवर माणूस ओळखू येत नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार जणांना ओठ-तोंडाचा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार जण जातात. लवकर आला तर छोट्या शस्त्रक्रियेवर निभावतं. आपल्याकडे बहुतेक उशिरा येतात.

नेत्यांची उदाहरणं मुलांना माहीत असतात. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि आपल्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला. आर. आर. पाटील म्हणजे आबा १६ फेब्रुवारी २०१५ ला याच आजाराने गेले, वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी. गावोगावी हातात झाडू देणारं ग्रामस्वच्छता अभियान ज्यांनी उभं केलं, त्यांना तंबाखूने नेलं. त्यांचं नाव घेतल्यावर आमच्या भागात वर्ग गप्प होतो.

मी केलेली चूक

दुसऱ्या वर्षी मी वर्गात विचारलं, "ज्यांच्या घरी कोणी तंबाखू खातं त्यांनी हात वर करा." जवळजवळ सगळे हात वर. मला ते आकडे फळ्यावर मांडायचे होते, टक्केवारी काढायची होती. गणिताशी समन्वय! एका मुलीने हात वर केला नाही आणि वहीत तोंड घातलं. पुढचे चार दिवस ती आली नाही. घरी गेलो तेव्हा कळलं, तिची आई बार्शीला उपचार घेत होती. मशेरी. फळ्यावर मी लिहिलं होतं, "तंबाखू म्हणजे मृत्यूला आमंत्रण." त्या पोरीने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं.

तेव्हापासून हात वर नाही, घरचं नाव नाही, "तुझे वडील खातात ना?" असं चुकूनही नाही. मुलं तपासणीची चिठ्ठी घरी नेतात. आजीचं, आईचं, वडिलांचं तोंड टॉर्चने बघतात. चिठ्ठी परत मागत नाही. खाली फक्त एक ओळ छापतो, राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, हेही. घोषणा लिहीत नाही.

सोडताना

पालकांपैकी जे सोडू बघतात त्यांच्यासाठी अनुभवाचं. पहिले तीन-चार दिवस वाईट. चिडचिड, डोकं जड, पोट साफ नाही, झोप नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर भांडणं होतात (आमच्याकडे झाली). तलफ येते ती पाच-सात मिनिटांची लाट असते. तेवढ्या वेळात पाणी, बडीशेप, लवंग, वाळवलेला आवळा, नाहीतर सरळ उठून चालायला जायचं. तंबाखू सोडून सुपारी धरू नका, का ते वर आलंच आहे. निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम डॉक्टरांना विचारून घेता येतं. दोनदा घसरलात तरी तिसऱ्यांदा सुटते. माझी तिसऱ्यांदा सुटली.

शाळेने काय करावं?

कायदा थोडक्यात. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, विक्रीला मनाई आहे. दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच. खरी धार बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ ला आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि हे लक्षात घ्या, "जा रे, टपरीवरून माझी पुडी घेऊन ये" म्हणून विद्यार्थ्याला पाठवणारे शिक्षक आणि पोराला पाठवणारे बाप आपल्यात आहेत. मीही लहानपणी वडिलांची पुडी आणायचो, उरलेल्या आठ आण्यांची गोळी मिळायची.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही एकत्र केल्या की झाला गुटखा, ही पळवाट मुलांना आपल्याआधी माहीत असते. आमच्या शाळेने टपरीवाल्याशी भांडण न करता ग्रामपंचायतीला पत्र दिलं, मुलांनी दोरीने अंतर मोजलं आणि रस्त्यावर पिवळी रेषा मारली. टपरी हलायला पावणेदोन वर्षं लागली. आता ती रेषेच्या चार पावलं पलीकडे आहे. कायद्यात बसते.

तो खिचडी धुणारा मुलगा आता आयटीआयला आहे. त्याच्या आईला घेऊन आम्ही दंत महाविद्यालयात गेलो होतो. तिथे त्याला आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायाम शिकवला, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. दोन बोटांच्या थोडं वर आलं आहे. तिखट अजून सोसत नाही. परवा भेटला तेव्हा त्याने काड्यांची संख्या सांगितली आणि माझी विचारली. मी काड्या लावत नाही हे ऐकून रागावला.

पावसात पिवळी रेषा पुसट झाली आहे. रंगाचा डबा आणून ठेवलाय, उघडीप मिळाली की आठवीची मुलं मारतील.